वृद्धांचे घर आणि आग

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या संस्थेने प्लॉटवर वृद्धांसाठी दुमजली निवास बांधण्याचे ठरविले आहे, हे आपण जाणताच. आराखडा तयार झाला असून तो कार्यालयाच्या भिंतीवर महिनाभर लावलेला आहे. त्यावर सभासदांनी बोलावे असे कार्यकारिणीने सुचविले. कुणी देणग्यांवर बोलले, कुणी भोजनव्यवस्थेवर. आम्ही आगीचा विषय मागून घेतला. तेव्हा एक-दोघे म्हणाले, शुभकार्याच्या आरंभी हे काय काढलेत? आमचे म्हणणे असे की, हा विषय आरंभीच काढायचा असतो. भिंती उभ्या राहिल्यावर तो काढून फारसा उपयोग नाही.

आम्ही इंजिनिअर नव्हे. कला शाखेचे पदवीधर, बँकेत कारकून. तरी या विषयाचे वाचन आम्ही गेली काही वर्षे करीत आहोत, आणि त्याला कारण घडले ते आमच्याच घरी.

2018 सालच्या श्रावणातली गोष्ट. आमच्या इमारतीत जिन्याखाली मीटरची फळी आहे. रात्री दीडच्या सुमारास तिला आग लागली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. शेजाऱ्यांनी दार ठोठावले तेव्हा दिवे गेलेले होते. आई त्या वेळी एकोणऐंशी वर्षांची, गुडघ्यांनी अधू. आम्ही कुणीही केले असते तेच केले. आईला पाठीवर घेतले आणि जिना उतरू लागलो. दुसऱ्या मजल्याच्या चौकापर्यंत पोहोचलो आणि पुढे स्वतःचा हात दिसेना. आई म्हणाली, "पोरा, मला खाली ठेव आधी, माझा दम कोंडतोय." वरून आमची पत्नी ओरडत होती, "अहो, परत फिरा, वर या!" कसेबसे वर आलो, दार लावले, दाराखालच्या फटीत ओली चादर कोंबली आणि मागच्या गॅलरीत आईला बसविले. गॅलरीला जाळी होती, जाळीच्या दाराला कुलूप होते आणि कुलपाची किल्ली सापडत नव्हती. अर्ध्या तासाने अग्निशमन दलाची माणसे वर आली. त्यातले एक जण म्हणाले, "साहेब, परत फिरलात हे बरं केलंत. आग एवढीशीच होती, पण धूर सगळा जिन्यातच भरला होता."

त्या रात्री आईला वाचविले ते आमच्या पाठीने नव्हे. बंद दाराने वाचविले.

शाळेत मुलांना शिकवितात, घंटा वाजली की रांगेने बाहेर पळा. मुलांसाठी ते योग्यच आहे. पण ऐंशी वर्षांचे माणूस रात्री झोपलेले असते तेव्हा कानातले यंत्र काढून ठेवलेले असते, चष्मा उशाशी कुठेतरी असतो, डॉक्टरांनी दिलेली झोपेची गोळी घेतलेली असते. उठून बसायलाच त्याला दोन मिनिटे लागतात. त्याला पळा म्हणणे ही थट्टा आहे. म्हणून वृद्धांच्या घराचा विचार उलट्या बाजूने करावा लागतो. माणूस आगीपासून दूर जाऊ शकत नसेल, तर आग आणि धूर माणसापासून दूर अडविले पाहिजेत. हे काम भिंतीने, दाराने आणि छतातल्या पाण्याने करायचे असते. म्हणजेच ते आराखड्यात करायचे असते.

कॅनडातील क्वेबेक प्रांतात सेंट लॉरेन्स नदीच्या काठी लील-व्हर्त नावाचे एक लहानसे गाव आहे. वस्ती दीड हजाराच्या आसपास. गावात वृद्धांसाठी तीन मजली निवास होता. त्याचा जुना भाग 1997 साली बांधलेला, सांगाडा लाकडी. 2002 साली त्याला जोडून नवा भाग बांधला गेला. नव्या भागात छताला स्प्रिंकलर बसविले, म्हणजे उष्णता वाढताच आपोआप उघडणाऱ्या पाण्याच्या तोट्या. दोन भागांच्या मध्ये आग रोखणारी भिंत घातली. जुन्या भागात मात्र तोट्या बसविल्या नाहीत. 23 जानेवारी 2014 च्या मध्यरात्रीनंतर आग लागली. बाहेर कडाक्याची थंडी, शून्याखाली वीस अंशांच्या आसपास, आणि सोसाट्याचा वारा. आत राहणारे पन्नासहून थोडे अधिक, बरेच जण ऐंशीच्या पुढचे. कुणी वॉकरवर, कुणी चाकाच्या खुर्चीवर. जुना भाग पूर्ण जळाला. 32 वृद्ध गेले. बंबाचे पाणी अवशेषांवर गोठून बर्फाचा जाड थर झाला होता. तो वाफेने वितळवून मृतांचा शोध घ्यावा लागला, आणि त्याला कित्येक दिवस लागले.

आणि नवा भाग? तो उभा राहिला. एकच संस्था, एकच रात्र, एकच वारा, तेच अग्निशमन दल. मधल्या भिंतीपर्यंत येऊन आग थांबली.

या घटनेची न्यायिक चौकशी झाली आणि 2015 च्या फेब्रुवारीत अहवाल आला. आग नेमकी कशाने लागली हे निश्चित झाले नाही. मदतीचे बंब बोलाविण्यात झालेल्या उशिरावर अहवालाने ठपका ठेवला, आणि वृद्धनिवासांत स्प्रिंकलर असलेच पाहिजेत अशी शिफारस केली. पण आम्हाला सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट वेगळीच वाटते. जुन्या भागात तोट्या नव्हत्या त्यात नियमभंग नव्हता. त्या वेळच्या नियमांप्रमाणे राहणारी मंडळी स्वतः हिंडू-फिरू शकणारी असतील तर जुन्या इमारतीला ती सक्ती नव्हती. कागदावर ती मंडळी हिंडती-फिरती होती.

आता आपल्या प्रवेशाच्या नियमावलीचा मसुदा पाहा. दुसरेच कलम आहे, "स्वतःची कामे स्वतः करू शकणाऱ्या ज्येष्ठांनाच प्रवेश." कलम चांगल्या हेतूने घातले आहे. पण आज सत्तर वर्षांची बाई स्वतः हिंडते म्हणून आपण तिला घेणार. दहा वर्षांनी ती खाटेला खिळली, तर तिला बाहेर काढणार आहोत का? नाही ना! मग इमारत आजच्या बाईसाठी बांधायची नसून दहा वर्षांनंतरच्या बाईसाठी बांधायची आहे.

दुसरी घटना स्कॉटलंडमधली. ग्लासगो शहराजवळ अडिंगस्टन येथे रोझपार्क नावाचा वृद्धांचा निवास होता. 31 जानेवारी 2004 च्या पहाटे तिथे आग लागली आणि 14 वृद्ध मृत्युमुखी पडले. आग वरच्या मजल्यावरील बोळातल्या एका कपाटात लागली. कपाटात विजेची डी.बी. होती. जिथून वायर पेटीत शिरते त्या पत्र्याच्या भोकाला रबरी कडे बसविलेले नव्हते. पत्र्याच्या धारेवर घासून वायरचे वेष्टन झिजले. त्याच कपाटात स्प्रेचे डबे ठेवलेले होते. चार वाजून अठ्ठावीस मिनिटांनी घंटा वाजली. कर्मचारी गोंधळले, घंटेच्या पॅनेलवरून आग नेमकी कुठे ते त्यांना उमगेना. अग्निशमन दलाला फोन गेला चार सदतीसला. नऊ मिनिटे! ती आग काही इमारत गिळून टाकणारी नव्हती. माणसे मारली ती धुराने. बोळालगतच्या अनेक खोल्यांची दारे उघडी होती आणि आपोआप बंद होण्याची सोय त्यांना नव्हती. चौकशीचा निर्णय 2011 साली लागला. दारे बंद असती, धोक्याची पाहणी आधी नीट झाली असती आणि दलाला लगेच बोलाविले असते तर यातले काही किंवा सर्व मृत्यू टळू शकले असते, असा त्याचा आशय आहे.

दारे उघडी का होती? कारण वृद्धांना ती उघडी आवडतात. रात्री एकटे वाटते. बाहेरचा दिवा दिसला, कुणाची पावले ऐकू आली की धीर येतो. आमची आई आजही दार लोटू देत नाही. शिवाय आपल्याकडे मे महिन्यात दार लावून झोपा म्हणणे म्हणजे शिक्षाच. तेव्हा "दारे बंद ठेवा" अशी पाटी लावून हा प्रश्न सुटणार नाही. याला उपाय आहे. दाराला डोअर क्लोजर बसवायचा आणि दार भिंतीवरच्या विजेच्या चुंबकाने उघडे धरून ठेवायचे. घंटा वाजली किंवा वीज गेली की चुंबक सुटतो आणि दार आपले आपण लागते. पण ते दारही तसे हवे. पोकळ फ्लश डोअर नको. निदान अर्धा तास आग अडवील असे भरीव, कडांना धूर अडविणारी पट्टी असलेले.

इथे बँकेतली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या शाखेत कर्जाचे दस्तऐवज ठेवण्यासाठी अग्निरोधक कपाटे असतात. आगीत ते कपाट किती वेळ तग धरील याची चाचणी होते आणि तसे त्यावर लिहिलेले असते. गहाणखतासाठी आपण हे करतो. आपल्या आराखड्यात खोलीच्या दारापुढे फक्त "दार, अडीच फूट" एवढेच लिहिले आहे.

अडीच फूट. खाट तीन फुटांची. म्हणजे खाटेवरच्या माणसाला खाटेसकट बाहेर आणता येणार नाही, आधी उचलून घ्यावे लागणार. रात्रपाळीला आपण एक सेवक किंवा सेविका ठेवणार आहोत. ती एकटी बारा जणांना उचलणार कशी? जिन्याने खाली तर नाहीच. रुग्णालयांतून आणि अशा निवासांतून आता एक वेगळी रीत मानली जाते. प्रत्येक मजला मधोमध आग रोखणाऱ्या भिंतीने आणि आपोआप लागणाऱ्या दाराने दोन भागांत विभागायचा. एका भागात धूर झाला की तिथल्या माणसांना त्याच मजल्यावर दुसऱ्या भागात न्यायचे. खाटेसकट, खुर्चीसकट, वेळ पडली तर गादीवरून ओढत. पन्नास पायऱ्या उतरण्यापेक्षा तीस पावले सरळ जाणे एका सेविकेला जमेल. आपल्या आराखड्यातला बोळ या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा आहे. दिसायला छान दिसतो. धुरालाही छान वाट आहे.

त्याच बोळावर प्रत्येक दाराच्या डोक्यावर झरोका दाखविला आहे. आपल्या जुन्या घरांची ही सवय. हवा खेळण्यासाठी उत्तम, पण दार कितीही भक्कम केले तरी धूर झरोक्यातून आत येणारच. झरोके काढून बाहेरच्या भिंतीतली खिडकी मोठी करावी. त्या खिडकीला कायमची लोखंडी जाळी नको. चोरांचे भय असेल तर आतून बिनकुलपाने उघडणारी जाळी मिळते.

कुलपाबद्दल एक वाक्य सांगतो. 6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे मनोरुग्णांच्या एका निवासाला आग लागली. तिथली माणसे साखळ्यांनी बांधलेली होती. 28 जण गेले. विस्मरणाचा आजार झालेले वृद्ध रात्री निघून जातात म्हणून बाहेरून कडी लावावी, अशी सूचना मागच्या बैठकीत आली होती. ती सूचना इतिवृत्तातून काढून टाकावी अशी आमची विनंती आहे. दार उघडल्यावर सेविकेच्या खोलीत घंटा वाजेल अशी साधी व्यवस्था करता येते.

कुणी म्हणेल, आपली इमारत लहान, परदेशातल्या मोठ्या निवासांची उदाहरणे आपल्याला कशाला? म्हणून जपानचे सांगतो. 8 जानेवारी 2006 च्या रात्री नागासाकी प्रांतातील ओमुरा येथे विस्मरणाच्या रुग्णांचा एक छोटा निवास जळाला. एकमजली घर, राहणारे नऊ, रात्रपाळीला माणूस एक. सात जण गेले. एकमजली! उतरायला जिनाच नव्हता. तोपर्यंत जपानमध्ये अशा निवासांना स्प्रिंकलरची सक्ती होती ती 1000 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या इमारतींना. नियम बदलून 2009 पासून ती मर्यादा 275 चौरस मीटरवर आणली गेली. पुढे 2013 साली नागासाकीतच पुन्हा एक निवास जळाला, आणि 2015 पासून क्षेत्रफळाची अटच बहुतांशी काढून टाकण्यात आली. लहान निवासांना खर्च झेपावा म्हणून घरगुती नळाच्या पाण्यावर चालणारी साधी यंत्रणा त्यांनी मान्य केली आहे.

स्प्रिंकलरविषयी आपल्याकडे एक गैरसमज आहे. सिनेमात दाखवितात तशा सगळ्या तोट्या एकदम सुटत नाहीत. प्रत्येक तोटीत एक छोटी काचेची नळी असते. लाल रंगाची नळी 68 अंश तापमानाला फुटते आणि तेवढीच तोटी उघडते. उदबत्तीच्या धुराने ती उघडत नाही. आपल्या गावी नळाला चोवीस तास पाणी नसते, तेव्हा गच्चीवरच्या टाकीत आगीसाठी वेगळा साठा लागेल. आंघोळीच्या पाण्याचा पाइप टाकीला वरच्या अंगाला जोडला आणि आगीचा तळाशी, तर खालचा साठा वापरात संपत नाही. वरच्या मजल्याला दाब पुरेल की पंप लागेल हे मात्र जाणकारानेच ठरवावे. तिथे आमच्यासारख्याने बोलू नये.

खर्च वाढणार, हे उघड आहे. बँकेत असल्यामुळे आकड्यांची भीती आम्हालाही आहे. आमची सूचना अशी की प्रवेशद्वाराची कमान आणि दर्शनी भिंतीचा दगड पुढच्या टप्प्यात घ्यावा. याने काही मंडळी नाराज होतील, कमानीची देणगी जाहीरही झाली आहे. देणगीदारांशी आम्ही स्वतः बोलायला तयार आहोत. एका सद्गृहस्थांनी फोमच्या गाद्या देऊ केल्या आहेत, त्यांनाही नम्रपणे विनंती करावी लागेल. साधा फोम पेटला की झपाट्याने जळतो आणि त्याचा धूर अत्यंत विषारी असतो. आग सहज न धरणाऱ्या गाद्या बाजारात मिळतात, थोड्या महाग पडतात.

खोलीत उशाशी मेणबत्ती लावण्याचा विषय नाजूक आहे. आमच्या आईचीही रोजची वंदना आहे. थरथरत्या हाताने काडी ओढणे आणि शेजारी पडदा, हे पाहून आम्ही घरी विजेची छोटी ज्योत आणली. आई आठ दिवस बोलली नाही. निवासात वंदनेसाठी खाली एक सामायिक जागा असावी, तिथे मेणबत्त्या लावाव्यात आणि सेवकाने त्या विझविल्याखेरीज जाऊ नये.

जिन्याखाली आराखड्यात "सामानाची खोली" लिहिले आहे. 9 डिसेंबर 2011 रोजी कोलकात्यात एका मोठ्या खाजगी रुग्णालयाला आग लागली. ती तळघरात साठविलेल्या सामानाला लागली होती. धूर वरच्या मजल्यांवर चढला आणि नव्वदच्या आसपास माणसे गेली, बहुतेक रुग्ण. जिन्याखाली काहीही ठेवायचे नाही. मीटर नाही, इन्व्हर्टर नाही, आपल्या स्मरणिकांचे गठ्ठेसुद्धा नाहीत. आणि जिना एकच आहे, दोन हवेत, इमारतीच्या दोन टोकांना.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. राष्ट्रीय इमारत संहितेत वृद्धांचे निवास साध्या राहत्या घरांत धरलेले नाहीत. ते रुग्णालयांच्याच गटात, संस्थात्मक इमारतींत मोडतात. आपला अर्ज मात्र "निवासी" म्हणून भरला आहे. तो दुरुस्त करावा. महाराष्ट्रात आगीसंबंधीचा 2006 चा अधिनियम आहे. त्याप्रमाणे यंत्रणा सुस्थितीत असल्याचा दाखला परवानाधारकाकडून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावा लागतो. हे काम कोणा एका पदाधिकाऱ्याच्या नावावर टाकावे. सर्वांचे काम असले की ते कुणाचेच नसते, हे आपण अभ्यासिकेच्या पंख्यांच्या बाबतीत पाहिले आहेच.

आता अभ्यासिकेचा विषय निघालाच आहे, तर विद्यार्थी मित्रांशी बोलतो. आराखड्यात तळमजला अभ्यासिकेला आणि सभागृहाला दिला आहे, वरचा मजला वृद्धांना. त्यामागे कारणेही आहेत. अभ्यासिकेत बाहेरगावची मुले येतात, रात्री उशिरापर्यंत बसतात, वर गेली तर वृद्धांची झोपमोड होईल. तुमच्यातल्या कित्येकांनी या तळमजल्याच्या आशेवर दोन वर्षे पत्र्याच्या शेडमध्ये काढली आहेत. हे सर्व ठाऊक असूनही आम्ही सांगतो की ही अदलाबदल व्हावी. वृद्ध खाली, प्रत्येक खोलीला शक्यतो बाहेर अंगणात उघडणारे दार, उंबरठा नाही, उतार एकास बाराहून अधिक चढा नाही. अभ्यासिका वर. तुम्ही वीस वर्षांचे आहात, जिना धावत उतराल. फक्त वरच्या फरशीखाली आवाज अडविणारा थर घालावा लागेल, त्याचा खर्च धरायला हवा.

हा निर्णय कार्यकारिणी बहुमताने घेऊ शकते, पण तुमच्यावर लादून घेऊ नये असे आम्हाला वाटते. सभा संपल्यावर मुलांनी आपसांत बोलावे आणि तुमचे जे काही म्हणणे असेल ते, विरोध असला तरी, चिटणिसांकडे लेखी द्यावे. वास्तुविशारद पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता कार्यालयात येणार आहेत. त्या दिवशी मजल्यांची अदलाबदल, दुसरा जिना आणि बोळातली भिंत हे तीन विषय आधी घ्यावेत, रंगाचा आणि कमानीचा नंतर.